बंद गाडीतील न नोंदलेला खर्च



या सदरात आपण आजवर बहुधा पैशाच्या गळतीविषयी बोलत आलो आहोत. या वेळची गळती विजेची आहे आणि ती आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीतील आहे. विषय प्रथमदर्शनी कारागिराचा वाटेल. परंतु ज्या घरात कीर्द-खतावणी लिहिली जाते त्या घराला तो मुळीच परका नाही, असे माझे मत झाले आहे. शिवाय या प्रकरणात एका प्रामाणिक माणसाचा पगार आणि अब्रू, दोन्ही गुंतली होती. म्हणून ते सविस्तर सांगतो.

माझ्या थोरल्या बंधूंची सांगलीत हळदीची पेढी आहे. घरापासून पेढी जेमतेम दोन किलोमीटर. सकाळी जाणे, दुपारी जेवायला येणे, पुन्हा जाणे आणि रात्री परतणे, एवढेच त्यांच्या मोटारीचे रोजचे काम. बुधवारी वसुलीसाठी कोल्हापूरची फेरी असते, तेवढाच काय तो लांबचा प्रवास. गाडी पेट्रोलवर चालणारी, सहा वर्षांची आणि नीट जपलेली. ती चालवायला गेली अकरा वर्षे एकच गृहस्थ आहेत. घरातील लहानथोर सर्व त्यांना मामा म्हणतात. रात्री गाडी आवारात लावायची, किल्ली दिवाणखान्यातील खुंटीला अडकवायची आणि सायकलवरून घरी जायचे, हा त्यांचा नेम.

गेल्या हिवाळ्यात या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली आढळू लागली. किल्ली फिरवली की कट्‌कट् आवाज, समोरचे दिवे मंद, आणि पुढे काही नाही. बॅटरी चार वर्षांची झाली होती, तेव्हा तिचे आयुष्य सरले असे समजून नवी बसवली. चार महिने जातात न जातात तोच नवीही तशीच. विक्रेत्याने ती तपासली, चार्ज करून परत दिली आणि सांगितले, “बॅटरीत दोष नाही. गाडीत कुणीतरी दिवा चालू ठेवत असणार.”

‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे ठरवायला घराला वेळ लागला नाही. गाडी रात्री शेवटी कोण बंद करते? मामा. मामांनी परोपरीने सांगितले की दिवे बंद करून, दारे ओढून पाहूनच आपण किल्ली देतो. पण बॅटरी उतरते आहे ही गोष्ट डोळ्यांना दिसत होती आणि मामांचे म्हणणे केवळ कानांना ऐकू येत होते. अशा वेळी माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

त्यातच एका रविवारी रात्री अकराच्या सुमारास वहिनींना श्वास घेणे जड जाऊ लागले. चिरंजीवांनी धावत जाऊन किल्ली फिरवली, तर तोच कट्‌कट् आवाज. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून दहा मिनिटांत रुग्णालय गाठता आले. वहिनींना वेळेवर उपचार मिळाले आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. पण त्या दहा मिनिटांत दादांनी जे भोगले त्याचा राग दुसऱ्या दिवशी मामांवर निघाला. यापुढे बॅटरी उतरली तर नव्या बॅटरीचे निम्मे पैसे पगारातून कापले जातील, आणि आताच्या बॅटरीचे निम्मेही याच महिन्यात वळते करावेत, असे फर्मान सुटले. मामांनी उलट उत्तर दिले नाही. मात्र तेव्हापासून ते घरात चहाला थांबेनासे झाले.

फरक कोणी केला नव्हे, कोठे आहे

मला ही हकीकत आठवड्याने कळली. मी दादांना म्हणालो, “दादा, बँकेत संध्याकाळी रोकड कमी भरली की सर्वांची नजर आधी रोखपालाकडे जाते. चौतीस वर्षांत मी ती नजर पुष्कळ वेळा पाहिली. पण दहांत नऊ वेळा तूट रोखपालाच्या खिशात नसते, कागदावरच्या नोंदीत असते. मला एक शनिवार-रविवार द्या. तोवर मामांचा पगार कापू नका.”

जुन्या वाचकांना आठवत असेल, हाताने खाती लिहिण्याच्या काळात ताळा जमला नाही तर आम्ही माणसांची झडती घेत नसू. आकड्याची घेत असू. फरकाला ९ ने भाग गेला तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असे, म्हणजे ५४ च्या जागी ४५. फरकाच्या नेमक्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली असे. फरकाचे स्वरूपच फरकाचे ठिकाण सांगते. गाडीच्या बाबतीत मी तेच करायचे ठरवले.

पहिले काम वहीतले. बॅटरी कोणकोणत्या दिवशी उतरली ते घरच्यांना आठवून सांगायला लावले आणि दिनदर्शिकेवर खुणा केल्या. सहापैकी पाच वेळा सोमवार सकाळ निघाली आणि सहावी ती रविवारची रात्र. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी पेढीच्या सुट्टीला जागेवर उभी होती. मामा दिवा विसरत असते, तर ते मंगळवारी किंवा गुरुवारीही विसरले असते. विसराळूपणा वार पाहून येत नाही. हा पुरावा नव्हता, परंतु शंकेला जागा करून देण्याइतका तो पुरेसा होता.

बॅटरी म्हणजे खाते

मोटारीतील शिशाची बॅटरी ही फार जुनी वस्तू आहे. फ्रान्समधील गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली पुन्हा पुन्हा भरता येणारा शिशाचा घट तयार केला. आजच्या बॅटरीतील रसायन मूलतः तेच आहे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला, तेव्हापासून हँडल मारण्याची दगदग संपली आणि बॅटरी गाडीची मुनीम झाली.

तिचा हिशेब व्यापाऱ्याला समजावा असाच आहे. आत सहा घट असतात. प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण शिल्लक, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. १२ व्होल्ट हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो, पण तो जवळजवळ रिकाम्या खात्याचा आहे, हे लक्षात ठेवावे.

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. लहान पेट्रोल गाडीला बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. याचा ढोबळ अर्थ असा की १ अँपिअरचा खर्च ती सुमारे ३५ तास सोसेल. आता खर्चाची गंमत पाहा. सेल्फ मारताना प्रवाह प्रचंड, समजा १५० अँपिअर. पण तो दोनच सेकंद लागतो. हिशेब केला तर एका स्टार्टचा खर्च १ अँपिअर-तासाचा बारावा हिस्सा. उलट उभ्या गाडीतील घड्याळ, चोरीरोधक यंत्रणा, किल्लीच्या बटणाची वाट पाहणारे कुलूप, संगणकांची स्मृती यांना अगदी किरकोळ वीज लागते. एकूण २० ते ५० मिलिअँपिअर सामान्य समजतात. पण ती दिवसाचे चोवीस तास लागते. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे आठ-नऊ स्टार्टइतका खर्च गाडी जागची न हलता होतो. या वेगाने ३५ ची बॅटरी निम्मी व्हायला २४ दिवस लागतात. म्हणून धडधाकट गाडीही महिना-दीड महिना उभी राहिली की कुरकुरते, त्यात दोष काही नसतो.

दोष तेव्हा, जेव्हा गाडी दोन दिवसांत उतरते. डिकीतील ५ वॅटचा एक दिवा जळत राहिला तर तो सुमारे ०.४ अँपिअर खातो. दिवसाला १० अँपिअर-तास. मोठा एकरकमी खर्च सर्वांना दिसतो; पेढी बुडते ती रोजच्या, न नोंदलेल्या खर्चाने.

आरंभीची शिल्लक, जमा आणि खर्च

शनिवारी संध्याकाळी मी कामाला लागलो. खात्याचे तीन प्रश्न असतात: आरंभीची शिल्लक खरी आहे का, जमा होते का, आणि खर्च किती होतो. बहुतेक लोक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न घेताच नवी बॅटरी विकत घेतात. खात्यात पैसे टिकत नाहीत म्हणून नवे पासबुक मागण्यासारखे ते आहे.

*शिल्लक.* बॅटरीची टर्मिनले पाहिली. त्यांवर पांढरट-हिरवट थर असेल तर तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून घासावा, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. सैल टर्मिनल ही अर्ध्या तक्रारींची जड असते. येथे ती स्वच्छ होती. मग चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरली आणि काळी, म्हणजे ऋण बाजूची, केबल काढून ठेवली. दोन-तीन तास विसावू दिल्यावर मीटरने १२.६२ व्होल्ट दाखवले. सकाळी पुन्हा पाहिले, १२.६०. काहीही न जोडता बॅटरी रात्रभर शिल्लक राखते, म्हणजे ती निर्दोष आहे. हीच रात्र तिने १२.२ वर आणून सोडली असती तर आतील घट खराब झाला असे समजून बॅटरी बदलणे योग्य ठरले असते.

*जमा.* केबल जोडून गाडी सुरू केली. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. म्हणजे अल्टरनेटर भरणा करतो आहे. येथे १४.२ होते. भरणाही ठीक.

*खर्च.* राहिली गळती. ती मोजण्याची रीत नीट सांगतो, कारण येथेच हात भाजतात.

गाडीच्या एका दाराची काच खाली ठेवावी, नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर अशी फजिती होते. सर्व दिवे, पंखा, रेडिओ बंद करून किल्ली घरात दूर नेऊन ठेवावी. बटणाची किल्ली जवळ असली की गाडी झोपत नाही. दारे लावून बॉनेट तेवढे उघडे ठेवावे. मल्टिमीटरची काळी तार सामाईक भोकात, लाल तार १० अँपिअरच्या भोकात, आणि चकती एकदिश प्रवाहावर, म्हणजे डीसी अँपिअरवर. मग बॅटरीची काळी केबल काढून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरी त्या सुट्या केबलला चिमट्याने जोडावी. आता गाडीकडे जाणारी सारी वीज मीटरमधून जाते. दाराशी पहारेकरी बसवावा तसे.

तीन गोष्टी मात्र कदापि करू नयेत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये किंवा मोठे दिवे लावू नयेत. मीटरचा फ्यूज जातो, कधी मीटरच जातो. प्रवाह मोजण्याच्या भोकात तार ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टेकवू नये. ते सरळ शॉर्टसर्किट आहे. आणि काम संपताच लाल तार व्होल्टच्या भोकात परत घालावी, म्हणजे दुसऱ्याच्या हातून तो अपघात होणार नाही.

मीटर जोडताच आकडा दीड-दोन अँपिअर दिसला. दादा म्हणाले, “सापडला चोर!” मी म्हणालो, “थांबा. बँकेचे दार बंद झाले तरी आत अर्धा तास काम चालू असते.” आजच्या गाड्यांतील संगणक एकेक करून झोपी जातात, त्याला दहा मिनिटांपासून कधी तासभरही लागतो. त्याआधी घेतलेला आकडा निरर्थक. आम्ही न्याहारी करून चाळीस मिनिटांनी आलो. आकडा स्थिर झाला होता: ०.४६ अँपिअर. सामान्याच्या दहा पटींहून अधिक. आणि सर्व दिवे बंद होते; मामा तर त्या दिवशी सुट्टीवर, आपल्या घरी होते.

दादा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

खतावणीबाहेरची नोंद

गळती आहे एवढे कळले. कोणत्या खात्यात आहे ते शोधायचे होते. त्यासाठी फ्यूजची पेटी असते. प्रत्येक फ्यूज म्हणजे एकेक खाते: दिवे, हॉर्न, काचा, रेडिओ, पंखा. आधी पेटीचे छायाचित्र घ्यावे, मग एकेक फ्यूज उपसून मीटर पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम उतरेल त्या खात्यात गळती. न उतरल्यास तोच फ्यूज त्याच जागी परत बसवून पुढे जावे. डॅशबोर्डखालच्या पेटीसाठी दार उघडावे लागत असेल तर दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत लोटून ठेवावे, म्हणजे गाडीला दार लागलेच आहे असे वाटते आणि ती जागी होत नाही.

बॉनेटखालची पेटी झाली. डॅशबोर्डखालची झाली. एक तास गेला. एकाही फ्यूजने आकडा हलला नाही. पंखा नाही, रेडिओ नाही, आतील दिवा नाही. तेवढ्यात जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाने काचेवरचा फास्टॅग दाखवून “हाच वीज खात असेल” असे सुचवले. त्यांची समजूत घातली: फास्टॅगला गाडीची वीज लागतच नाही, टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो.

मग अल्टरनेटरवर हात ठेवला. त्यातील डायोड बिघडला तर उभ्या गाडीतही त्यातून वीज उलटी वाहते आणि तो तासन्‌तास कोमट राहतो. तो थंडगार होता.

अशा वेळी बँकेत आम्ही काय करीत असू? सर्व खाती बरोबर आणि तरी ताळा जुळत नाही, म्हणजे एखादी रक्कम खतावणीत न चढताच बाहेर गेली आहे. मी फ्यूजपेटी सोडून बॅटरीजवळ आलो आणि धन टर्मिनलला किती तारा जोडल्या आहेत ते मोजले. कारखान्याची जाड केबल होतीच. तिच्या नटाखाली दाबलेली आणखी एक लाल तार होती. ती पेटीत न जाता भिंतीतील रबराच्या बुचातून थेट गाडीत शिरत होती. वाटेत तिचा स्वतंत्र फ्यूज काळ्या नळीत लपवलेला. तो उपसला आणि मीटर पाहिला.

०.०३.

तार पुढच्या बैठकीखाली पोचत होती. तेथे गाण्यांचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर होता. गाडी रात्रभर बंद असूनही हाताला तो कोमट लागला होता, हे चिरंजीवांना आता आठवले. गेल्या दिवाळीत त्यांनीच तो एका सजावटीच्या दुकानातून हौसेने बसवून घेतला होता. आणि बॅटरीची पहिली तक्रार त्यानंतर महिन्याभरातील. अशा यंत्राला एक जाड तार सतत वीज देते. ‘जागा हो’ हे सांगणारी दुसरी बारीक तार रेडिओकडून यायची असते. रेडिओ बंद झाला की ती मृत होते आणि यंत्र झोपते. कारागिराने डॅशबोर्ड उघडण्याचा त्रास वाचवण्यासाठी ही बारीक तार तेथेच जाड तारेला पिळून टाकली होती. यंत्राला आठ महिने अखंड ‘जागा हो’ असे सांगितले जात होते.

आता हिशेब जुळला. ०.४६ अँपिअर म्हणजे दिवसाला ११ अँपिअर-तास. सुमारे १३० स्टार्टचा खर्च. घर ते पेढीच्या चार छोट्या फेऱ्यांत जमा होणार ढोबळमानाने चार-पाच. बुधवारी कोल्हापूरच्या फेरीत बॅटरी भरायची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तूट साचायची. आणि रविवारी गाडी न हलल्याने उरलेले खाते साफ व्हायचे. सोमवार उगवला की मामा दोषी. शिवाय बॅटरी वारंवार रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणून जुन्या बॅटरीचा शेवट लवकर झाला आणि नवीही त्याच वाटेला लागली होती.

दुरुस्ती काय? दोन-अडीच हात बारीक तार रेडिओमागच्या योग्य तारेला जोडणे. रविवारी दुपारी ओळखीच्या वायरमनने अर्ध्या तासात ती केली. पुन्हा मीटर जोडून चाळीस मिनिटे थांबलो. ०.०३ च राहिले. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानू नये. ताळा घातल्याशिवाय दिवस बंद करत नाहीत, तसेच.

घरोघरी उपयोगी पडेल असे

प्रत्येकाच्या गाडीत अॅम्प्लिफायर नसेल, पण गळतीच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. डिकी, हातपेटी आणि आरशाजवळचा दिवा. रात्री भ्रमणध्वनीचा कॅमेरा चित्रण चालू करून डिकीत ठेवा आणि झाकण लावा, दिवा विझतो की नाही ते कळेल. मागाहून बसवलेली वस्तू: उभ्या गाडीतही चित्रण करणारा कॅमेरा, टेम्पोचा ट्रॅकर, पिवळी आणि लाल तार अदलाबदल करून जोडलेला रेडिओ. काही गाड्यांत सिगारेट लायटरचा सॉकेट किल्ली काढल्यावरही जिवंत असतो. त्यातील चार्जर उपसून ठेवावा. आणि तक्रार सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यात गाडीत नवे काय बसवले, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काळी केबल काढून ठेवणे हा सोपा उपाय. काढताना नेहमी काळी आधी आणि जोडताना काळी शेवटी; लाल काढताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते, काळी आधी सुटलेली असली तर उडत नाही. केबल काढल्यावर घड्याळ, रेडिओ आणि काचांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावून घ्यावी लागते, आणि चोरीचा भोंगाही बंद राहतो, हे ध्यानात असावे. केबल काढायची नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी खरोखर रस्त्यावर न्यावी. जागेवर दहा मिनिटे इंजिन घरघरवून फारसे काही जमा होत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये तर ते करूच नये, धुरातील विषारी वायू जीव घेतो.

दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची वेळ आलीच तर क्रम असा: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, लालचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, आणि काळ्याचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्या, हायब्रिड आणि विजेच्या मोटारी यांत घरगुती प्रयोग करू नयेत. विजेच्या मोटारीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. परंतु तेथील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावू नये. आणि जी बॅटरी खरोखर संपली असेल ती भंगारात न देता विक्रेत्यालाच परत द्यावी. शिसे आणि आम्ल यांची नीट विल्हेवाट लागावी, हा त्यामागचा हेतू.

शेवटची नोंद

सोमवारी सकाळी मामा आले, किल्ली घेतली, गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली. दादांनी त्यांना आत बोलावले. चिरंजीव, वहिनी, मी, सगळे तेथेच होतो. दादा म्हणाले, “मामा, चूक आमच्या घरची निघाली. आम्ही तुमच्यावर घातली. कापलेले पैसे हे घ्या.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक, पैशाचं राहू द्या. दिवा बंद होता, एवढं तुम्ही म्हणालात ना, झालं.” पैसे त्यांना आग्रहाने द्यावे लागले. वहिनींनी चहा आणला, आणि तो मात्र त्यांनी घेतला.

परतताना दादा मला म्हणाले, “तू नसतास तर मी आणखी एक बॅटरी घेतली असती.” मी म्हणालो, “बॅटरी चार-पाच हजारांत मिळाली असती, दादा. अकरा वर्षांचा माणूस कोठून आणला असता?”

वाचकहो, पेढीवर, दुकानात, घरात तूट आली की आपला हात आधी जवळच्या आणि गरीब माणसाकडे जातो, कारण तेथे शोध लवकर संपतो. काही शे रुपयांचा मीटर आणि एका रविवारची सकाळ एवढ्या खर्चात येथे खरी नोंद सापडली. आपल्याही आवारातील एखादी गाडी दर सोमवारी रुसत असेल, तर कुणाला बोलण्याआधी आधी मोजून पाहा.